नदीत मासे मेले? कारण शोधताना या चुका टाळा

मासे पहाटे मरतात. बातमी पसरते सकाळी आणि नमुना घ्यायला माणूस पोचतो भर दुपारी. मीटर ९ मिलिग्रॅम दाखवतो, अहवालात ‘विरघळलेला ऑक्सिजन पुरेसा’ अशी नोंद होते आणि सांडपाणी निर्दोष सुटतं. हे वारंवार घडतं आणि दरवेळी तितकाच राग येतो.

सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच तो ओढून घेतं. घाण कुजवणारे जीवाणू तर रात्रंदिवस तो खातच असतात. त्यामुळे ऑक्सिजन तळ गाठतो सूर्योदयाच्या जरा आधी, आणि मोजायचं तेव्हाच. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच माशांची ओढाताण सुरू होते, २ च्या खाली बहुतेक जाती टिकत नाहीत. आणखी एक गोष्ट सुटते. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेव्हा अशा कोमट पाण्यात दुपारी ११-१२ दिसले तर खूश होऊ नका. ते माजलेल्या शेवाळाचं लक्षण आहे, त्या पाण्याची पहाट नक्की बघा.

दुसरी चूक जागेची. सगळे नाल्याच्या तोंडाशीच बाटली बुडवतात. पण जीवाणूंना घाण कुजवायला वेळ लागतो आणि तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्येच हे गणितात मांडलं. ऑक्सिजनचा सर्वांत खोल खड्डा नाल्यापाशी नसतो, तो प्रवाहाच्या दिशेनं कित्येक किलोमीटर पुढे असू शकतो. म्हणून एक नमुना नाल्याच्या वरच्या अंगाचा हवा आणि खालच्या अंगाचे एकाहून जास्त. वरचा नमुना नसेल तर ‘पाणी आधीपासूनच तसं होतं’ या बचावाला तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

तिसरी चूक, माझ्या मते सर्वांत महागात पडणारी: पाणी नितळ आहे म्हणून ते चांगलं समजणं. गाळून, निवळून सोडलेल्या पाण्यातही अमोनिया असू शकतो, आणि त्याचं विष ठरतं सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा). २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी मुक्त, म्हणजे कल्ल्यांतून आत शिरणारा विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ ला तो साधारण ५ टक्के होतो आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. आता शेवाळाकडे परत या. दिवसभर ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे सामू चढतो. म्हणजे त्याच पाण्यात पहाटे माशांचा दम कोंडतो आणि दुपारी अमोनिया जहाल होतो. म्हणूनच एका वेळच्या नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. अमोनियाच्या आकड्याशेजारी सामू, तापमान आणि घड्याळातली वेळ लिहिलेली नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

क्लोरीनचंही तसंच. जंतू मारायला घातलेलं क्लोरीन उरलं तर पाणी काचेसारखं दिसतं आणि मासे मरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकाळाची मर्यादा लिटरमागे ११ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. बाटलीत ते उडून जातं, त्यामुळे तपासणी काठावरच करायची.

मेलेले मासे बघायचीही रीत आहे. मोठे आधी मेले आणि उरलेले पृष्ठभागावर तोंड वासत असतील तर संशय ऑक्सिजनवर घ्या. लहान-मोठे सगळे एकदम गेले, कडेचे किडेही गेले, तर विषावर. कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइटवर (अमोनियापासून पाण्यात तयार होणारं विषारी रसायन). फुगून तरंगणारा मासा प्रयोगशाळेच्या फारसा कामाचा नसतो. नुकताच मेलेला किंवा मरणासन्न मासा बर्फावर ठेवून न्या. ऊतींची तपासणी करायची असेल तर गोठवू नका.

पण मासे तरंगले नाहीत म्हणून सगळं ठीक, असंही नाही. कॅनडातल्या एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं गेलं. प्रमाण लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांत सापडू शकेल इतकंच. फॅटहेड मिनो जातीच्या नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, पिल्लं येईनाशी झाली आणि त्या जातीची संख्या जवळजवळ शून्यावर आली. काठावर माशांचा खच मात्र कधीच पडला नाही. मोजदाद करताना म्हणूनच यंदाची पिल्लं आहेत का, हे आधी बघा. दगडही उलटून पाहा. स्वच्छ पाणी लागणाऱ्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या नाहीशा होऊन फक्त घाणीत तगणाऱ्या लाल अळ्या (रक्तकिडे) आणि ट्युबिफेक्स हे गाळातले बारीक किडे उरले असतील, तर घाण कालची नाही.

शेवटची चूक उपायातली. तळ्यात मासे तडफडताना दिसले की लोक घाईनं चुना ओततात. चुन्यानं सामू चढतो आणि पाण्यात अमोनिया असेल तर उरलेसुरले मासेही जातात. आधी सांडपाण्याची आवक थांबवा, हवा खेळवणारा पंप लावा, ताजं पाणी सोडा, मेलेले मासे बाहेर काढा. चुन्याचा विचार सामू आणि अमोनिया मोजल्यानंतर.