मन खचलेले असताना दिवस कसा सावरावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारभर दार लावून घरात बसावे लागते आणि आधीच उदास असलेले मन स्वतःलाच कुरतडत राहते. म्हणून उजाडताच शिवाराच्या रस्त्याने वीस मिनिटे चालून यावे, शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन. उत्साह वाटला की जाऊ, असे म्हणत थांबू नये. नैराश्यात उत्साह आधी येत नाही, हालचाल सुरू झाल्यावर तो हळूहळू येतो. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसाठी पीठ मळणे किंवा अंगण झाडणे, एवढेही त्या दिवसापुरते पुरेसे मानावे.

कपाशीचा भाव, कर्जाचा हप्ता अशा काळज्या संध्याकाळी ठरावीक पंधरा मिनिटे वहीत लिहाव्यात आणि जिच्यावर उद्या काही करता येईल, तिच्यापुढे फक्त पहिले काम नोंदवावे. छाती धडधडू लागल्यास चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. दुपारनंतर चहा टाळावा. झोपेसाठी दारू तर कधीच घेऊ नये.

दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल, तर क्षणभरही न थांबता घरच्यांना सांगावे, शेतीची फवारणीची औषधे त्यांच्या ताब्यात कुलूपबंद ठेवायला द्यावीत आणि १४४१६ वर फोन करावा. २०२२ मध्ये सुरू झालेली ही टेली-मानस, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा, मोफत असून चोवीस तास मराठीतही मिळते.