गवत कापण्याआधी बेलरचे फ्लायव्हील हाताने हलवून पाहावे

गवत वाळत आलेले असते, आभाळ भरून येते आणि त्या घाईत जुन्या बेलरच्या, म्हणजे गवताच्या गाठी (गठ्ठे) बांधणाऱ्या यंत्राच्या, ‘ठक-ठक’ आवाजाकडे दुर्लक्ष होते. ऐन वेळी यंत्र बंद पडून गवत भिजल्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात या आवाजापासून झाली होती. म्हणून ही तपासणी कापणीच्या आधीच करावी.

ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी. बेलरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, त्यानंतरही फिरत राहते, ते पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नये. थांबल्यावर पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा दांडा) सोडवावा. मग प्लंजर (गवत दाबणारा दट्ट्या) लाकडी ठोकळ्याने अडवून चाक मागेपुढे हलवावे. हबसह (चाकाच्या मधल्या तुंब्यासह) चाक हलते पण गिअरबॉक्सचा शाफ्ट स्थिर राहतो, तर चावी (हब शाफ्टवर पक्का धरणारी लोखंडी पट्टी), तिचा गाळा (खाच) किंवा हबचे भोक झिजले आहे. हब स्थिर राहून नुसते चाक हलते, तर शिअर बोल्टची (जास्त भार आल्यास आधी तुटून यंत्र वाचवणाऱ्या बोल्टची) भोके लांबट झाली आहेत. शाफ्टच वरखाली होतो, तर गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले आहे.

हबच्या नटाच्या कडेला चिमूटभर तांबूस भुकटी दिसते, ती साधा गंज समजून पुसली जाते. ती पुसून, ठोकळा काढून व पीटीओ शाफ्ट जोडून यंत्र दहा मिनिटे रिकामे चालवावे आणि पुन्हा थांबवून पाहावे. भुकटी परत आली, तर हब शाफ्टवर घासत आहे. अशा वेळी पान्याला पाइप लावून नट आवळणे हीच ती चूक, जी मी वारंवार पाहतो. झिजलेला हब आवळून नीट बसत नाही, सगळा मार चावीवर येतो आणि गाळ्याच्या कोपऱ्यातून तडा जातो. तडा गेलेले चाक वापरू नये, त्यावर वेल्डिंगही करू नये.

विक्रेता संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा आग्रह धरील, पण आधी चांगल्या लेथवाल्याला दाखवावे. शाफ्ट शाबूत असेल तर नवी चावी आणि भोकांत घट्ट बुश (धातूची नळी) एवढ्यावर काम भागू शकते. दिवसातून दोनदा शिअर बोल्ट तुटला आणि गवताचा गोळा अडकलेला नसेल, तर आधी हब पाहावा, असा माझा अंदाज आहे. यंत्राच्या पुस्तिकेत तो लिहिलेला नाही. मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचाच बोल्ट वापरावा, कारण कडक बोल्ट तुटत नाही आणि त्याऐवजी गिअर तुटतात.

नेहमीची कामे:
- शिअर हबला ग्रीस
- गिअरबॉक्समधील तेलाची पातळी
- पीटीओचे संरक्षक आवरण
- पीटीओचा वेग पुस्तिकेनुसार, बहुधा मिनिटाला 540 फेरे

दुरुस्तीनंतर नट पुस्तिकेतील मापाने आवळावा आणि पहिल्या काही गाठी बांधून झाल्यावर, यंत्र थांबवून, तो पुन्हा तपासावा.