घरात ऑफिससारखं नेटवर्क लावायचंय? आधी वायर टाका

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मागच्या बेडरूमला वायफाय पोचायचंच नाही, एक्स्टेंडर लावून बघितले, पैसे वाया. खरं काम वायरचं असतं. तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रिक मालाचा बाजार) कॅट ६ केबल, म्हणजे नेटवर्कची वायर घ्या पण शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते पण पीओईवर (नेटवर्कच्याच वायरमधून वीज देणं) गरम होते आणि वाकवली की तुटते. मग फायबरवाल्याला सांगून त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे देतो, नाहीतर डबल नॅट (दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलतात) होऊन व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सुरक्षित कनेक्शन) आणि कॅमेरे उगाच त्रास देतात. पुढे आपला राउटर, त्याला पीओई स्विच (बऱ्याच वायरी जोडायचा आणि त्यांतून वीजही देणारा डबा), आणि स्विचवरून हॉल आणि पॅसेजमध्ये छताला एकेक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), पॉवरसाठी वेगळा प्लग लागतच नाही. साधा पीओई पोर्ट १५.४ वॅट देतो, अ‍ॅक्सेस पॉइंटला किती लागतात ते घेण्याआधी बघाच. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडला चॅनेल १, ६ किंवा ११ च ठेवा, ते एकमेकांवर येत नाहीत, आणि सोसायटीत शेजाऱ्यांचे राउटर खूप असतात. कॅमेरे आणि पाहुण्यांसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच वायरींवर वेगळं काढलेलं नेटवर्क) करा. आणि हे सगळं, फायबरच्या डब्यासकट, एका यूपीएसवर, म्हणजे गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली तरी मीटिंग तुटत नाही.