घरातील दोन लिनक्स संगणकांमध्ये फाइल्सची देवाणघेवाण : या चुका टाळा

घरात दोन लिनक्स संगणक आले की एकावरचे फोटो दुसऱ्यावरून पाहता यावेत म्हणून अनेक जण थेट सांबा या फाइल-वाटपाच्या प्रणालीची जुळणी करायला बसतात. सांबा उत्तम आहे, पण ते विंडोजच्या फाइल-वाटपाच्या पद्धतीशी बोलण्यासाठी लिहिलेले आहे आणि त्याची पासवर्डांची नोंदही वेगळी ठेवावी लागते. घरात विंडोज नसेल आणि फाइल्स अधूनमधूनच न्यायच्या असतील, तर दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून देणारे एसएसएच पुरते. फाइल मॅनेजरमधून एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचवरूनच फाइल्स नेण्याच्या पद्धतीने, जोडणी केली की समोरचे फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखे उघडते. मात्र उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत एसएसएचचा सर्व्हर, म्हणजे येणारी जोडणी स्वीकारणारा प्रोग्रॅम, आधीपासून बसवलेला नसतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा संदेश आला, तर बहुधा समोरचा संगणक सापडलेला आहे, पण त्याच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या नेहमीच्या दारावर, ऐकणारे कोणी नाही, असे समजावे. 'टाइम्ड आउट' आले, तर फायरवॉल किंवा चुकलेला पत्ता यांच्याकडे वळावे. हा फरक लक्षात न घेता सगळेच पुन्हा इन्स्टॉल करणारे मी पाहिले आहेत.

पत्त्याची चूक तर फारच साधी असते. राउटर वाटतो तो आयपी पत्ता कायमचा नसतो. काल चाललेली जोडणी आज बंद पडली, तर आधी पत्ता बदलला का ते पाहावे आणि राउटरमध्येच त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवावा. एक संगणक पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल, तर इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालूनही ते एकमेकांना दिसत नाहीत, कारण ते जाळे बहुधा मुद्दामच वेगळे ठेवलेले असते.

फोल्डर कायमस्वरूपी जोडून ठेवायचे असेल, तर लिनक्स संगणकांमध्ये फोल्डर वाटण्याची एनएफएस ही पद्धत सोयीची. पण खऱ्या चुका तिथेच होतात. वाटायच्या फोल्डरांची यादी एक्स्पोर्ट्स नावाच्या फाइलमध्ये असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत फोल्डर, मग दुसऱ्या संगणकाचा पत्ता आणि त्याला चिकटून कंसात परवानग्या लिहायच्या असतात. पत्ता आणि कंस यांच्यामध्ये एक जागा सुटली, की अर्थच उलटतो : त्या संगणकाला फक्त वाचण्याची परवानगी मिळते आणि कंसातली लिहिण्याची परवानगी उरलेल्या सगळ्या जगाला जाते. नजरेला न खुपणारी ही चूक शोधण्यासाठी एक्स्पोर्टएफएस ही आज्ञा 'व्ही' पर्यायासह (exportfs -v) चालवावी. तिच्या उत्तरात 'वर्ल्ड' हा शब्द दिसला, तर बहुधा जागा सुटलेली आहे. फाइल दुरुस्त केल्यावर तीच आज्ञा 'आरए' पर्यायासह (exportfs -ra) पुन्हा द्यावी लागते, नाहीतर जुनीच यादी लागू राहते.

यानंतरही 'परमिशन डिनाइड' येत असेल, तर हात सात-सात-सात, म्हणजे सगळ्यांना सगळे करू देणाऱ्या, परवानग्यांकडे वळतो. तो आवरावा. एनएफएसची नेहमीची मांडणी वापरकर्त्याचे नाव नव्हे, तर त्याचा क्रमांक पाहते. डेबियन आणि उबुंटूमध्ये पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला १००१. फोल्डर वाटणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, वडिलांचे खाते आधी उघडले आणि दुसऱ्यावर आईचे, की दुसऱ्या संगणकावर बसलेल्या आईला सर्व्हर वडील समजतो, आणि आईला स्वतःच्याच फाइल्समध्ये बदल करता येत नाही. फाइल्सची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' आज्ञेला 'एलएन' पर्याय जोडला (ls -ln), की नावांऐवजी क्रमांक छापले जातात आणि घोळ उघडा पडतो. दोन्हीकडे क्रमांक सारखे करणे हा नीटनेटका उपाय आहे. सगळ्यांनी मिळून वापरायच्या फोल्डरसाठी मात्र येणाऱ्या प्रत्येकाला एकाच क्रमांकाखाली आणणारा 'ऑल स्क्वॉश' हा पर्याय मला जास्त व्यवहार्य वाटतो. रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, लिहिता येत नाही ही तक्रार असेल, तर तो दोष नव्हे, रूटला परके मानण्याची ती जाणीवपूर्वक केलेली सोय आहे.

संगणक सुरू होताना काय काय जोडायचे याची यादी असलेल्या एफएसटॅब (fstab) फाइलमध्ये ओळ टाकताना 'नोफेल' (nofail), म्हणजे जोडणी न झाल्यास पुढे जा असे सांगणारा पर्याय, विसरले, तर दुसरा संगणक बंद असताना आपला संगणक सुरू होताना अडून बसू शकतो. याहून फसवा प्रकार म्हणजे जोडणी झालेलीच नसताना त्या रिकाम्या फोल्डरमध्ये आरसिंक या फाइल्सची नक्कल करणाऱ्या आज्ञेने बॅकअप घेणे. आज्ञा यशस्वी झाल्यासारखी दिसते, फाइल्स मात्र आपल्याच डिस्कवर साठतात, आणि पुढे जोडणी झाली की त्या जोडलेल्या फोल्डरखाली झाकल्या जातात. डिस्क भरत चालल्याचे दिसते, पण कशाने ते कळत नाही. यासाठी जोडणी सुटलेली असताना ते रिकामे फोल्डर 'चॅटर' या आज्ञेच्या 'अधिक आय' पर्यायाने (chattr +i) गोठवून ठेवावे. मग जोडणी नसेल, तर आरसिंक तिथे एकही फाइल न लिहिता लगेच तक्रार करते.