क्रिकेट खेळून आलेल्या मुलाला बेसबॉलमध्ये चेंडू निवडायला कसं शिकवायचं

नाशिकमध्ये बेसबॉलला येणारी बरीच मुलं आधी क्रिकेट खेळलेली असतात. नजर तयार असते, हात वेगवान असतात, पण कोणता चेंडू आपला हे ती यष्टींवरून ठरवतात आणि तिथेच फसतात. तीन यष्टींची मिळून रुंदी 22.86 सेंमी, तर होम प्लेट (बॅटरजवळ जमिनीवर बसवलेली पाचकोनी पाटी) 17 इंच, म्हणजे 43.18 सेंमी. त्यात चेंडूची नुसती कड प्लेटवरून गेली तरी स्ट्राइक धरतात, आणि तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. चेंडूचा व्यास साधारण 7.4 सेंमी, म्हणजे दोन्ही बाजू धरून जवळपास 58 सेंमीचा पट्टा सांभाळायचा. ऑफ स्टंपबाहेरचा म्हणून मुलगा जो चेंडू शहाणपणाने सोडतो, तो इथे बिनबोभाट स्ट्राइक असतो.

खालच्या बाजूला उलटी गंमत. नडगीपाशी येणारा चेंडू त्याला फुलटॉस वाटतो आणि हात शिवशिवतात. पण स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू स्ट्राइक धरला जातो ती जागा, गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापासून सुरू होतो आणि खांदे व पँटची वरची कड यांच्या मध्यावर संपतो. नडगीपाशी मारलेला चेंडू बहुतेक वेळा जमिनीवरून सरळ इनफिल्डरच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या, हातात जातो.

म्हणून सुरुवात झोन डोळ्यांना दिसेल असा करण्यापासून करा. प्लायवूडची प्लेट कापा: पुढची कड 17 इंच, दोन्ही बाजू साडेआठ इंच, मागच्या दोन तिरक्या कडा 12 इंच. तिच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या काठ्या रोवा आणि त्यांना पायजम्याचं इलॅस्टिक दोन उंचींवर आडवं बांधा. उंची प्रत्येक मुलाची वेगळी मोजा आणि तो स्टान्समध्ये वाकलेला असताना मोजा. ताठ उभं करून मोजलेला झोन वर सरकतो. काठ्या रोवलेल्या असताना फक्त बघण्याचा सराव करायचा, बॅट फिरवायची नाही. टीवरच्या (चेंडू ठेवून मारायच्या उभ्या दांडीवरच्या) सरावाला मागे शेडनेट चालतं, मात्र टेनिस बॉलपुरतंच. कडक चेंडूला नीट जाळी हवी.

दिशा सांभाळा. होम प्लेटकडून पिचरवरून सेकंड बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येला असावी, अशी नियमांत शिफारस आहे. दुपारनंतर ती सोयीची, पण नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सातला तशीच प्लेट मांडलीत तर ऊन थेट बॅटरच्या डोळ्यांत येईल. सकाळी त्याचं तोंड पश्चिमेला ठेवा.

पहिला आठवडा ‘हो-नाही’चा. हेल्मेट घालून मुलगा उभा राहतो आणि पिचर 20 चेंडू टाकतो. पिचिंगचं पूर्ण अंतर 18.44 मीटर; बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना 14 मीटर पुरे. मध्यावर शंकू ठेवा आणि चेंडू तिथून पुढे सरकायच्या आत मुलाने मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. प्लेटमागचा कॅचर खरं काय ते वहीत लिहितो. प्रत्येक चेंडूला पाय टाकायचा, कंबर वळायला तयार ठेवायची, हात मागे न्यायचे. बॅट तेवढी थांबवायची.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्रशिक्षक ‘बघून खेळ’ म्हणत राहतो आणि मुलगा नुसता बघत उभा राहतो. शरीर तयार नसेल तर निर्णय आधीच ‘नाही’ झालेला असतो, मग चांगला चेंडूही डोळ्यांदेखत जातो. मोठ्यांच्या खेळात ताशी 145 किमीचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर पोचतो. तेवढ्यात शून्यातून सुरुवात करता येत नाही. प्रत्येक चेंडू ‘हो’ म्हणूनच घ्यायचा आणि नाही पटला तर थांबायचं. क्रिकेटची आणखी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे अर्धवट बॅट पुढे करून अडवायची. इथे अर्धा स्विंग म्हणजे मऊ ग्राउंडर, जमिनीवरून हळू घरंगळणारा चेंडू.

दुसऱ्या आठवड्यात मुलाचं आवडतं घर शोधा. झोनचे नऊ चौकोन करा आणि टीवर प्रत्येकात 10 चेंडू मारायला लावा. 90 एका दिवसात नकोत, दोन दिवसांत करा; थकलेल्या हातांची नोंद खोटी येते. आतल्या चेंडूला टी प्लेटच्या पुढे, बाहेरच्याला थोडी मागे, नाहीतर बाहेरचे चौकोन उगाच कच्चे दिसतील. सणसणीत सरळ गेलेले चेंडूच मोजा. ज्या तीन-चार चौकोनांत ते जास्त, ते त्याचं घर.

मग काउंट शिकवा, म्हणजे आधी बॉल (झोनबाहेरचे सोडलेले चेंडू) आणि मग स्ट्राइक असा आकडा. 0-0, 2-0, 3-1 ला फक्त आपल्या घरातला चेंडू आणि त्याला पूर्ण ताकदीने स्विंग. कोपऱ्यावरची स्ट्राइक गेली तर जाऊ द्या. दोन स्ट्राइक झाल्या की घर संपलं, आता सगळा झोन आणि बाहेर एका चेंडूएवढी जागा. बॅट इंचभर वर धरायची, पाऊल छोटं टाकायचं, कठीण चेंडू फाउल करायचा, म्हणजे रेषेबाहेर घालवायचा. दोन स्ट्राइकनंतरच्या साध्या फाउलने बाद होत नाही, पण बंट (बॅट न फिरवता हलकेच अडवलेला चेंडू) फाउल गेला तर होतो. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

उदाहरण दाखवायचं तर अमेरिकेच्या मेजर लीगमधला बॅटर हुआन सोटो याचं दाखवा. 2018 मध्ये एकोणिसाव्या वर्षी वॉशिंग्टन नॅशनल्सकडून आला तेव्हा त्याचे 79 वॉक (चार बॉल सोडून मिळालेला पहिला बेस) होते, 2019 मध्ये 108, तर 2021 मध्ये 145 आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) फक्त 93. पण त्याच 2021 मध्ये 29 होमरनही (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) आहेत, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं. तो चेंडू सोडतो कारण त्याला मारायला दुसरा हवा असतो. चेंडू सोडल्यावरची त्याची पाय घासत नाचायची लकब मुलं लगेच उचलतात; त्याआधीचं त्याचं भरलेलं, तयार शरीर बघायला लावा.

वहीत दोन रकाने ठेवा: झोनबाहेरच्या किती चेंडूंवर बॅट फिरली आणि झोनमधल्या कितींवर. पहिला आकडा उतरला आणि दुसरा टिकला तर सराव बरोबर चाललाय. दोन्ही एकदम उतरले तर मुलगा बुजलाय. अशा वेळी आठवडाभर वॉकचं कौतुक बंद करा आणि ठरवून त्याच्या घरातच चेंडू टाका. 20 पैकी 15 तरी मारण्याजोगे हवेत. दोन्ही वाढले तर पुन्हा शंकू आणि ‘हो-नाही’. आणि दोन स्ट्राइकनंतर कोपऱ्यावरच्या चेंडूवर नुसताच उभा राहून बाद झाला, तर ओरडण्याआधी एवढंच तपासा: त्याचा पाय पडला होता का, हात मागे गेले होते का.