जिगचा माग काढायचा तर आधी नाव बाजूला ठेवा

एखाद्या आयरिश जिगची, म्हणजे सहा मात्रांच्या नाचाच्या चालीची, ध्वनिमुद्रणं आणि तिचं स्वरलेखन हवं असेल तर सगळे एकच सांगतात: नाव टाका आणि शोधा. हे सांगणाऱ्याने बहुधा एकाही चालीचा माग शेवटपर्यंत काढलेला नसतो.

आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवादक जेम्स मॉरिसन याने १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केलेली जिग आज ‘मॉरिसन्स’ म्हणून ओळखली जाते. त्याने ती घेतली टॉम कारमोडी या अकॉर्डियनवाल्याकडून, आणि कारमोडीकडे तिचं नाव होतं ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’. ‘केश जिग’ हीच चाल ‘किनकोरा’ नावानेही छापलेली आहे. उलट एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्याच चाली सर्रास सापडतात. अल्बमच्या पाठीवर ‘गन अनिम’ दिसलं तर ते शोधूच नका. आयरिश भाषेत त्याचा अर्थ ‘बिननावाची’ एवढाच.

आधी ती जिगच आहे ना, हे हाताने टाळी देऊन पाहा. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट, म्हणजे आपला दादरा धरून मोजलंत तरी चालेल. नऊ आल्या तर ती स्लिप जिग, तिचा शोध वेगळा.

आता खरं काम. पहिल्या दोन-चार आवर्तनांतले आघाताचे स्वर सरगममध्ये लिहून काढा. ब्रॅन्डन ब्रॅनॉक या पाइप्सवादक (पाइप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप) संग्राहकाने आपली सूची अशीच केली होती: सुरुवातीच्या आघाती स्वरांना सप्तकातल्या स्थानाप्रमाणे आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांवरून चाली लावायच्या. आपल्याकडे आकड्यांचीही गरज नाही, सा-रे-ग लहानपणापासून तोंडात आहे. केश घ्या:

सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे

प्रत्येक आवर्तनातली पहिली आणि चौथी मात्रा उचला. सा सा, रे रे, ध सां, ध प. केशची ओळख एवढीच. (ही चार आवर्तनं भूपाच्या पाचच स्वरांत फिरतात, म्हणून लगेच राग शोधायला जाऊ नका, तिथे काही हाती लागत नाही.)

सोपं वाटतं, पण मी सगळ्यात जास्त झगडलो ते इथेच, कारण कुठला फरक सोडून द्यायचा हे कोणी सांगत नाही. ठोक्याआधीचे एक-दोन उचलीचे स्वर आधी खोडा. ते वादकागणिक बदलतात. मग लांब स्वर. एका लेखनात ‘सा – –’ असेल, दुसऱ्यात ‘सा रे सा’, तिसऱ्यात ‘सा ग सा’. तिन्ही एकच. ती जागा वादक रोल किंवा कट या झटपट अलंकारांनी भरतो, आणि लिहिणारा आपल्या कुवतीप्रमाणे त्यातलं काहीतरी कागदावर उतरवतो. अशा फरकावरून ‘हे वेगळं रूप’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकणं सोडलं आहे.

पट्टीही सोडा. फ्लूट आणि पाइप्स खालच्या पट्टीतही असतात, काहीजण फिडल अर्धा स्वर वर चढवतात, आणि ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या नेमक्या वेगाने फिरवल्या नसतील तर चाल भलत्याच स्वरात ऐकू येते. हार्मोनियमवर पट्टी पडताळून ‘ही ती नव्हे’ असा निकाल कधीही देऊ नका.

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे सा कुठला. काही जिगा सा-वर संपतच नाहीत, पुन्हा सुरुवातीकडे ढकलतात. शेवटचा स्वर सा धरलात की सगळी सरगम सरकते आणि जुळणारी चालही जुळत नाही. शंका असेल तर दोन सा धरून दोनदा लिहा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही. शिवाय जिगचे सहसा दोन भाग असतात आणि काही वादक त्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे दुसऱ्या भागाचे आघातही लिहून ठेवा. पहिला भाग जुळला आणि दुसरा नाही, तर माझ्या लेखी ती नात्यातली चाल, तीच नव्हे.

ही नोंद हातात आली की उरलेलं भराभर होतं. ट्यूनपाल या अॅपला टिन व्हिसल या पत्र्याच्या छोट्या बासरीवर चाल वाजवून दाखवा, ते एबीसी लिपीतल्या, म्हणजे स्वर इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या, संग्रहांत जुळणी शोधतं. जी नावं येतील त्यांची सुरुवात आपल्या सरगमशी ताडून पाहा, अॅपवर सोडू नका. ‘द सेशन’ या संकेतस्थळावर चालीची पर्यायी नावं एकत्र मिळतात. ती सगळी उतरवून घ्या, कारण पुढच्या शोधात त्यांचाच उपयोग होतो.

छापील लेखनासाठी फ्रान्सिस ओनीलपासून सुरुवात करा. हा कॉर्कचा माणूस शिकागोचा पोलीसप्रमुख होता. त्याच्या १९०३च्या संग्रहात १,८५० चाली आहेत, त्यांतल्या ४१५ डबल जिग, म्हणजे सहा मात्रांच्या नेहमीच्या जिगा. १९०७मध्ये नृत्याच्या १,००१ चालींचा दुसरा संग्रह आला. स्वरलेखन बहुतांशी जेम्स ओनील या सहकाऱ्याचं, आणि ते सांगाड्यासारखं आहे. त्यावरून कोणी कसं वाजवलं ते कळत नाही. वादनाच्या जवळचं हवं असेल तर ब्रॅनॉककडे जा. त्याचा पहिला खंड १९६३चा आणि चाल कोणाकडून घेतली ते त्यात दिलेलं असतं. आणखी मागे जायचं तर पेट्री आणि जॉइस या संग्राहकांची पुस्तकं आहेत. पण सर्वात जुनी छापील तारीख म्हणजे चालीचा जन्म नव्हे. ही गल्लत फार जण करतात.

ध्वनिमुद्रणांत अमेरिकेतल्या ७८च्या तबकड्यांसाठी सांता बार्बराच्या विद्यापीठाची ऐतिहासिक मुद्रणसूची पाहा. तारीख आणि मॅट्रिक्स क्रमांक (प्रत्येक मुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक) तिथे मिळतो. बाकीच्यासाठी डब्लिनच्या मेरियन चौकातलं आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालय, १९८७पासूनचं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, पण तेवढ्यात दोन-तीन चाली जोडलेल्या असतात आणि लेबलवर कधी एकाचंच नाव असतं. म्हणून शेवटपर्यंत ऐका. बॉथी बँड या आयरिश वादकसमूहाच्या १९७५च्या पहिल्या अल्बमची सुरुवात केशनेच होते, पण त्याच ट्रॅकमध्ये पुढे आणखी तीन जिगा आहेत. तिसरीच्या शोधात असलेल्याने पहिलं अर्धं मिनिट ऐकून ट्रॅक बंद केला तर त्याला ती कधीच मिळणार नाही.

नोंदीत वादक, वाद्य, वर्ष, पट्टी आणि भागांचा क्रम लिहा.

शेवटी रचनाकार तपासा. जुन्या वाटणाऱ्या कित्येक जिगा विसाव्या शतकातल्या आहेत. ‘द मिस्ट कव्हर्ड माउंटन’ क्लेअरच्या ज्युनियर क्रेहनची, ‘द हॉन्टेड हाउस’ व्हिन्सेंट ब्रॉडरिकची. तिथे ‘पारंपरिक’ न लिहिता त्यांचं नाव लिहा.