उंदीर मठ्ठ ठरवण्याआधी

एखादं जनुक निकामी केलेले उंदीर हाती आले की नवख्यांना थेट पाण्याच्या हौदाची घाई होते, म्हणजे पोहत लपलेली फळी शोधायला लावणाऱ्या स्मरणशक्तीच्या चाचणीची. मी आधी त्यांना कोरड्यावर फिरू देते. दिसतं का, पाय नीट पडतात का, टाळी वाजवली की दचकतात का? सी३एच जातीच्या कित्येक उंदरांचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर काही आठवड्यांतच झिजतो. असा आंधळा जीव हौदात चुकला तर त्यात स्मरणशक्तीचा काय दोष?

तुलना करायची ती एकाच वेतातल्या भावंडांशी. जनुक बहुधा १२९ जातीच्या पेशींत बदललेलं असतं आणि त्याच्या शेजारची जनुकंही सोबत येतात, त्यामुळे बाहेरून मागवलेले ब्लॅक-सिक्स या दुसऱ्या जातीचे उंदीर शेजारी ठेवून भागत नाही. पिंजऱ्यावर फक्त क्रमांक लिहा. कोणाचं जनुक गेलंय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

हौद साधारण १.२ मीटर रुंद, पाणी बिनविषारी पांढऱ्या रंगाने गढूळ केलेलं, फळी पाण्याखाली १ सेंटिमीटर. उंदीर फळीची जागा खोलीतल्या खुणांवरून ओळखतो. मी एकदा मध्येच कपाट सरकवलं आणि चार दिवस शिकवलेले उंदीर भलतीकडेच पोहू लागले. आठवडा पाण्यात! आता खोलीतल्या प्रत्येक वस्तूभोवती जमिनीवर चिकटपट्टीची चौकट आहे.

शेवटी फळी काढून घ्या. शिकलेला उंदीर तिथेच घिरट्या घालतो. न शिकलेला हौदाच्या त्या चतुर्थांशात जेमतेम पाव वेळ काढतो. मग झेंडा लावलेली, दिसणारी फळी ठेवा. कंटाळून लोक नेमकी हीच फेरी गाळतात. १९९२ साली सिल्वा आणि तोनेगावा या शास्त्रज्ञांच्या गटाने अल्फा-कॅमकेटू (मेंदूतल्या एका विकराचं) जनुक नसलेले उंदीर तपासले. सरावाने ते दिसणारी फळी गाठत, लपलेली मात्र त्यांना धड सापडत नसे. म्हणून तर दोष डोळ्यांचा किंवा पायांचा नाही, जागा लक्षात ठेवण्याचा आहे, असं म्हणता आलं.

भावनांचं प्रकरण आणखी किचकट. १९९४ साली याच जनुकाची एकच प्रत उरलेले उंदीर कमी भित्रे आणि अंगावर आलेल्याशी जास्त चवताळून लढणारे निघाले. म्हणून भीतीची परीक्षा वेगळी घ्या: पेटीत सूर वाजवून पायांना हलका झटका द्या. दुसऱ्या दिवशी तीच पेटी, नंतर नव्या पेटीत नुसता सूर. सुराला भीतीने थिजतो पण पेटीला नाही, तर हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे मेंदूतल्या जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाकडे पाहा. दोन्हींना थिजत नसेल तर अमिग्डालाचं, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाचं, नाव घेण्याआधी त्याला झटका जाणवतो ना, हे बघा.

आणि हो, प्रत्येक फेरीनंतर उंदराला फडक्याने कोरडं करा. गारठलेला उंदीर पोहत नाही, नुसता तरंगतो. माझ्या पहिल्या वहीत असे तीन उंदीर 'मठ्ठ' म्हणून नोंदलेले आहेत.